ग्रूटबूमचं वय: एका आकड्याची अडीचशे वर्षं

२००४ साल संपत आलं असताना नामिबियाच्या ईशान्य भागात एक झाड अचानक कोसळलं. त्याचं नाव ग्रूटबूम. आफ्रिकान्स भाषेत या शब्दाचा अर्थ एवढाच, 'मोठं झाड'. झाड बाओबाबचं होतं, म्हणजे आपण ज्याला गोरखचिंच म्हणतो ते. आणि तोवर माहीत असलेल्या आफ्रिकन बाओबाबांमध्ये ते बहुधा सगळ्यात मोठं होतं.

इतकं मोठं झाड पडलं की पहिला प्रश्न ठरलेला: याचं वय काय असेल? उत्तर २००७ मध्ये छापून आलं. १२७५ वर्षं, अधिक-उणे ५०.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिसच्या तिसऱ्या-चौथ्या मसुद्यावर असाल. 'लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे नेमकं काय करायचं' हा प्रश्न मला मेलवर सारखा येतो. त्याचं उत्तर म्हणून आज ही गोष्ट सांगते, कारण या १२७५ च्या मागे एक जुना आकडा आहे, ५१५०. तो अडीचशे वर्षं पुस्तकांतून फिरत राहिला. तो कुठून आला, कोणी मानला, कोणी नाकारला आणि शेवटी कशामुळे पडला, हे बघण्यासारखं आहे.

सुरुवात १७४९ पासून. मिशेल आदांसाँ नावाचा जेमतेम बावीस वर्षांचा फ्रेंच तरुण सेनेगलला पोचला. नोकरी फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीची, ओढा सगळा निसर्गविज्ञानाकडे. पाचेक वर्षं तो तिथे राहिला. आजच्या डाकारजवळ माडलेन नावाची छोटी बेटं आहेत. तिथल्या बाओबाबांच्या खोडांवर त्याला युरोपियन खलाशांनी कोरलेली नावं दिसली. काहींच्या शेजारी सालं होती, पंधराव्या-सोळाव्या शतकातली.

आता त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुमच्यासमोर एक झाड आहे, त्यावर तारीख आहे, म्हणजे झाड निदान तितकं जुनं आहे हे नक्की. आदांसाँने पुढचाही विचार केला. कोरलेली अक्षरं खोडाच्या घेराच्या मानाने लहान जागेत होती, ताणून पसरलेली नव्हती. म्हणजे नावं कोरली तेव्हाच झाड बऱ्यापैकी जाड असणार. हे निरीक्षण मला आजही आवडतं. हातात फूटपट्टी आणि डोकं, एवढ्यावर माणूस कुठपर्यंत जाऊ शकतो ते यात दिसतं.

गडबड पुढे झाली. कोवळी रोपं किती वेगाने जाड होतात ते त्याला ठाऊक होतं. सुमारे सहा फूट व्यासाच्या झाडांवरच्या तारखा त्याच्याकडे होत्या. या दोन टोकांवरून त्याने वाढीचा एक तक्ता तयार केला, वय वाढेल तशी वाढ मंदावते हे धरून, आणि तो तक्ता तीस फूट व्यासापर्यंत नेला. तीस फुटांसमोर आकडा आला ५१५० वर्षं.

म्हणजे मोजमाप होतं पहिल्या काही शतकांचं आणि निष्कर्ष पाच हजार वर्षांचा. मी हसणार नाही, कारण हेच मी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये केलंय. सहा रीडिंग, एक्सेलमध्ये ओढलेली रेष, आर-स्क्वेअर ०.९८, आणि मी खूश. गाइडनी ग्राफवर बोट ठेवून विचारलं, "तुझं शेवटचं रीडिंग इथे आहे ना? मग उत्तर तिकडे कुठे वाचतेयस?" रेष कागदाच्या कडेपर्यंत पोचली होती, माझी माहिती निम्म्यातच थांबलेली.

आदांसाँच्या आकड्याला मात्र असा गाइड लवकर भेटला नाही. उलट मोठमोठ्या नावांनी तो उचलून धरला. वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल आणि हम्बोल्ट या दोघांनीही बाओबाबला पृथ्वीवरच्या सगळ्यात जुन्या सजीवांत बसवलं. १८३२ मध्ये बीगल जहाज केप व्हर्द बेटांवर थांबलं, तेव्हा तरुण डार्विनने तिथला एक बाओबाब मोजला. तेव्हाही आदांसाँचं म्हणणं त्याच्या मनात होतं. लिनियसने तर या झाडाच्या प्रजातीला नावच आदांसाँचं दिलं, अ‍ॅडन्सोनिया. झाडाच्या नावातच ज्याचं नाव, त्याचा आकडा खोडायला कोण जाणार?

विरोध झाला, पण वेगळ्या कारणाने. आर्चबिशप अशरच्या गणिताप्रमाणे सृष्टीची निर्मिती इसवी सनपूर्व ४००४ मधली आणि नोहाचा महापूर इसवी सनपूर्व २३४८ मधला. आदांसाँचं झाड खरं असेल तर ते महापुराच्याही आधीचं ठरतं आणि पुरात जिवंत राहिलेलं निघतं. डेव्हिड लिव्हिंगस्टनने १८५७ च्या आपल्या प्रवासवर्णनात यावर लिहिलंय. तो पेशाने मिशनरी आणि डॉक्टर. बाओबाबचा चिवटपणा त्याने जवळून पाहिला होता. लोक दोरासाठी खोडाची साल सोलून नेतात आणि तरी झाड मरत नाही, नवी साल धरतं, हे त्याने नोंदवलंय. पण आज उभं असलेलं एखादं झाड महापुराच्या आधीचं असेल, हे मानायला तो तयार नव्हता.

इथे जरा थांबा. लिव्हिंगस्टनचं उत्तर आज बरोबर ठरतं, पण त्यामागे श्रद्धेचा वाटा मोठा होता. आदांसाँचं उत्तर चुकलं, पण त्याची पद्धत खुली होती: हे मी पाहिलं, हे मी धरलं, हा माझा तक्ता. पद्धत खुली असली की पुढचा माणूस नेमकं कुठे बोट ठेवायचं ते शोधू शकतो. तुमच्या रिव्ह्यूमध्ये 'अमुक यांनी तमुक वय सांगितले' एवढं लिहून पुढे जाऊ नका. कशावरून सांगितलं, ते लिहा.

तुम्ही म्हणाल, एवढी कटकट कशाला, खोडातली वर्तुळं मोजायची. सागाचं ओंडकं पाहिलेल्या कुणालाही हेच सुचेल. पण बाओबाबमध्ये हा मार्ग फसवा आहे. त्याच्या लाकडात वर्तुळं असतात, पण पुसट. काही वर्षी बनतच नाहीत, काही वर्षी एकाहून जास्त बनतात. लाकूड म्हणावं असं ते लाकूडही नाही, पाण्याने भरलेला मऊ, स्पंजसारखा गर. त्यात जुन्या झाडांची खोडं आतून पोकळ, म्हणजे जिथे सगळ्यात जुनी वर्तुळं असायला हवीत तिथेच काही नसतं. आणि झाड मेल्यावर त्याचा ओंडका वर्षानुवर्षं पडून राहत नाही. कुजून, चिरफळून थोड्या काळात धाग्यांचा ढीग उरतो. पुरावा स्वतःच नाहीसा होतो.

वाट सुटली ती विसाव्या शतकात, आणि तीही वनस्पतिशास्त्राच्या बाहेरून. विलार्ड लिबीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस कार्बन-१४ ची पद्धत उभी केली. त्यासाठी त्याला १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. थोडक्यात सांगते. झाड हवेतला कार्बन घेतं, त्यात अगदी थोडा किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. लाकडाचा थर एकदा तयार झाला की नवीन कार्बन घेणं थांबतं. झाड जिवंत असलं तरी त्याचा आतला थर या बाबतीत मेलेला असतो. तिथून घड्याळ सुरू होतं: दर ५७३० वर्षांनी कार्बन-१४ निम्मा.

वहीत करून बघा. १२७५ वर्षांच्या लाकडात मूळच्या कार्बन-१४ पैकी साधारण ८६ टक्के उरायला हवा. ५१५० वर्षांच्या लाकडात साधारण ५४ टक्के. हा फरक सूक्ष्म नाही. आदांसाँ बरोबर असता तर यंत्राने ते ओरडून सांगितलं असतं.

१९६३ मध्ये ई. आर. स्वार्ट यांचा एक छोटासा लेख 'नेचर'मध्ये आला. झांबेझी नदीवरच्या करिबा धरणाच्या परिसरात तोडलेल्या एका बाओबाबचे नमुने त्यांनी तपासले होते. झाडाचा व्यास सुमारे साडेचार मीटर, वय १०१० वर्षं, अधिक-उणे १००. पाच हजारांच्या जवळपास नाही, पण हजारी गाठलेलं. दोन्ही बाजूंचे लोक थोडे थोडे निराश झाले असतील असं मला आपलं वाटतं.

मग चाळीस वर्षांनी ग्रूटबूम पडलं. त्याचा अभ्यास ज्यांनी केला त्यांचं नाव अद्रियन पत्रुत, रोमानियातल्या क्लुज-नापोकाच्या बाबेश-बोयाई विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ. रोमानियात बाओबाब उगवत नाही, हे वेगळं सांगायला नको. 'माझा विषय आणि माझी डिग्री जुळत नाही' अशी चिंता करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

खोडाच्या वेगवेगळ्या भागांतून दहा नमुने घेतले गेले. तपासणी एएमएसने, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमेट्रीने. जुन्या पद्धतीत कार्बन-१४ चा क्षय होण्याची वाट बघत बसावं लागे, म्हणून नमुना मोठा लागायचा. एएमएस थेट अणू मोजतं, त्यामुळे मिलिग्रॅममध्ये काम भागतं. दहापैकी तीन नमुने हजार वर्षांहून जुने निघाले आणि सगळ्यात जुना १२७५. खात्रीलायक तारीख मिळालेल्या सपुष्प वृक्षांमध्ये तेव्हा याहून जुना दुसरा नव्हता.

या आकड्याबद्दल एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तोंडी परीक्षेत इथे विकेट पडते. यंत्रातून येतं ते 'रेडिओकार्बन वय', कॅलेंडरचं वय नव्हे. हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण सगळ्या काळात सारखं नव्हतं, म्हणून ते वय कॅलिब्रेट करावं लागतं. दक्षिण गोलार्धात हे प्रमाण उत्तरेपेक्षा किंचित कमी असतं, त्यामुळे तिथली कॅलिब्रेशनची वक्ररेषाही वेगळी. आणि या वक्ररेषा बनल्या कशावरून? मुख्यतः ज्यांची वर्तुळं चोख मोजता येतात अशा दुसऱ्या झाडांवरून. स्वतःची वर्तुळं न सांगणाऱ्या बाओबाबचं वय शेवटी ओक आणि पाइनच्या वर्तुळांच्या आधारानेच कळतं. पेपरमध्ये 'बीपी' दिसलं तर तो काळ १९५० पासून मागे मोजलेला असतो, तुम्ही पेपर वाचताय त्या वर्षापासून नाही.

पण ग्रूटबूमने दिलेली खरी माहिती वयाच्या पलीकडची होती. त्याचे नमुने एका ओळीत बसेनात. एकच खोड असेल तर मध्यापासून बाहेर येताना लाकूड क्रमाने तरुण होत जायला हवं. तसं झालं नाही. ग्रूटबूम आनुवंशिकदृष्ट्या एकच झाड होतं, पण रचनेने पाच खोडं एकमेकांत मिसळून बनलेलं. शिवाय बाहेरच्या कडांच्या नमुन्यांवरून दिसलं की गेली पाच-सहाशे वर्षं त्याची वाढ जवळजवळ थांबलेली होती.

आता आदांसाँचा तक्ता पुन्हा आठवा. त्याचं बोट न ठेवलेलं गृहीतक हे होतं की एक झाड म्हणजे एक खोड, आणि खोड जाड म्हणजे वय जास्त. पाच खोडं जुळून झाड बनलं असेल तर व्यासावरून वय काढण्याला पायाच राहत नाही. करिबाचं झाड साडेचार मीटर व्यासाचं, म्हणजे साधारण चौदा मीटर घेराचं, वय सुमारे हजार. दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतातलं सनलँड बाओबाब ३४ मीटर घेराचं, इतकं मोठं की १९९३ मध्ये त्याच्या पोकळीत चक्क बार सुरू झाला. पर्यटकांसाठीच्या मजकुरात त्याचं वय सहा हजार वर्षं छापलं जायचं. कार्बनने सांगितलं, साधारण हजारच. घेर दुपटीहून जास्त, वय तेवढंच.

पोकळीचं कोडं २०१५ मध्ये आणखी उलगडलं. मोझांबिकमधल्या लेबोम्बो इको ट्रेल नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाओबाबच्या आतल्या पोकळीच्या भिंतीतून पत्रुत आणि सहकाऱ्यांनी नमुने घेतले. झाड कुजून पोकळ झालं असेल तर पोकळीला लागून असलेलं लाकूड उरलेल्यांत सगळ्यात जुनं असणार आणि तिथून बाहेर जाताना वय कमी होत जाणार. इथे उलटं घडलं. भिंतीतून आत लाकडात शिरावं तसं वय वाढत गेलं, एका बिंदूपर्यंत. याचा सरळ अर्थ असा, की ती पोकळी कुजून झालेलीच नव्हती. तिथे कधी लाकूड नव्हतंच. पाच खोडं गोल कोंडाळं करून उभी राहिली, वाढता वाढता एकमेकांना चिकटली आणि मधली रिकामी जागा आत बंद झाली. त्यांनी तिला 'खोटी पोकळी' म्हटलं. त्या झाडाच्या खोडांची वयं ९०० ते १४०० वर्षांच्या दरम्यान निघाली आणि कोंडाळं पूर्ण बंद झालं ते ८०० ते ९०० वर्षांपूर्वी.

अनेक पिढ्या ज्या जागेकडे बघून 'इथलं सगळ्यात जुनं लाकूड हरवलं' असं म्हणत होत्या, तिथे हरवण्यासारखं काही नव्हतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सगळ्यात सुंदर काम आहे. आणि ते विसंगत रीडिंग 'एरर' म्हणून वगळलं नाही म्हणून झालं.

एव्हाना ही झाडं मरायला लागली होती. दक्षिण आफ्रिकेतलं ४७ मीटर घेराचं ग्लेन्को बाओबाब २००९ मध्ये फाटलं, वय सुमारे १८०० वर्षं. झिम्बाब्वेतलं पांके, वय सुमारे २४५० वर्षं, तारीख मिळालेल्या बाओबाबांत सगळ्यात जुनं, २०१० ते २०११ या काळात मेलं. बोट्स्वानातलं चॅपमनचं बाओबाब जानेवारी २०१६ मध्ये पडलं. त्याच वर्षी सनलँड फाटायला लागलं आणि २०१७ मध्ये त्याचा मोठा भाग कोसळला. २०१८ मध्ये 'नेचर प्लँट्स'मध्ये याच गटाचा लेख आला. २००५ ते २०१७ या काळात त्यांनी साठाहून जास्त मोठी, जुनी झाडं तपासली होती. त्यांतल्या सगळ्यात जुन्या १३ पैकी ९ आणि सगळ्यात मोठ्या ६ पैकी ५ झाडं या काळात मेली किंवा त्यांचे सगळ्यात जुने भाग कोसळले.

हे वाचून पोटात खड्डा पडतो. पण पडल्यावरही पेपर नीट वाचायचा असतो. वर्तमानपत्रांनी मथळे दिले की हवामानबदलाने बाओबाब मारले. लेखकांनी स्वतः इतकंच म्हटलं होतं की दक्षिण आफ्रिकेच्या टापूतल्या हवामानबदलाचा यात निदान काही अंशी हात असावा असा संशय आहे, आणि तो खरा की खोटा ठरवायला आणखी संशोधन हवं. ग्रूटबूम पडलं तेव्हा तर नामिबियात पसरलेल्या एका रोगाकडे बोट दाखवलं गेलं होतं. २०१८ मध्ये साथीची चिन्हं दिसत नाहीत असं म्हटलं गेलं. माझी शंका आणखी एक आहे. १३ आणि ६ हे छेद फार लहान आहेत. शिवाय ग्रूटबूमचा अभ्यास झाला तो ते पडलं म्हणून. पडलेल्या झाडातून नमुना घेणं सोपं, म्हणून वय माहीत असलेल्यांत पडलेली झाडं जास्त भरतात का? पेपरचा निष्कर्ष यामुळे रद्द होत नाही. पण जर्नल क्लबमध्ये मी बसले असते तर हा प्रश्न विचारला असता, आणि तुम्हीही विचारावा.

आता आपल्याकडे येऊ. गोरखचिंच आपल्याकडे कुठून आली, याचं तयार उत्तर आपण लहानपणापासून ऐकतो: पोर्तुगीजांनी आणली. वसईच्या किल्ल्यात ही झाडं आहेत, त्यामुळे ते पटतंही. २०२० मध्ये पत्रुत यांच्या गटाने उत्तर प्रदेशातल्या दोन झाडांच्या तारखा छापल्या, एक प्रयागराजजवळच्या झूसीचं, दुसरं बाराबंकी जिल्ह्यातल्या किंतूरचं. किंतूरच्या झाडाला लोक पारिजात म्हणतात, महाभारताशी जोडतात आणि वयही त्याच हिशेबाने सांगतात. दोन्ही झाडं निघाली सुमारे पावणेआठशे वर्षांची, म्हणजे साधारण १२५० च्या आसपासची. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये.

महाभारतही नाही आणि पोर्तुगीजही नाहीत. निदान या दोन झाडांपुरतं तरी. वसईच्या झाडांबद्दल यातून काहीच सिद्ध होत नाही, ती पोर्तुगीजांची असूही शकतील. २०१५ मधल्या एका जनुकीय अभ्यासातही हेच दिसतं की बाओबाब भारतात एकदाच, एकाच वाटेने आलेला नाही. आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून, वेगवेगळ्या वेळी आला. अरबी समुद्रावरचा व्यापार आणि आफ्रिकेतून इथे आलेली माणसं या दोन्हींचा इतिहास त्या झाडांच्या पोटात आहे. हा विषय इतिहासाचा, वनस्पतिशास्त्राचा की रसायनशास्त्राचा, ते तुमच्या विद्यापीठाला ठरवू द्या.

तोवर कुठे गोरखचिंच दिसली तर टेप लावून घेर जरूर मोजा. फक्त जमिनीपासून किती उंचीवर मोजला आणि कुठल्या महिन्यात, ते आकड्याशेजारी लिहा. हे खोड पाणी साठवतं, पावसाळ्यानंतर फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. ऑक्टोबरचा आणि मेचा घेर सारखा येईलच असं नाही. आणि वयाचा रकाना रिकामाच ठेवा.